होडी कुठंच थांबली नाही

येलदरीचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेत काढताना दोर धरला. या प्रकरणात त्यातलं काही नव्हतं. खरं तर गुन्हाच नव्हता. पण त्या दिवशी जेवढी धास्ती घेतली तेवढी दरोडेखोरांच्या मागे जातानाही घेतली नव्हती. ती माणसं अजून परभणी जिल्ह्यातच राहतात, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही.

माझी शाळा सातवीपर्यंत झाली. आमच्या वेळी तेवढ्यावर पोलिसात घेत. मी तेव्हा हवालदार होते. ठाण्यात बाईमाणसाचा जबाब घ्यायचा असला की मला बोलावणं यायचं. मला गोड बोलता येत नाही, तरी बायका माझ्याशी बोलत.

श्रावणातला सोमवार होता. ठाण्यातले निम्मे लोक देवळांच्या बंदोबस्ताला गेले होते. दुपार कलल्यावर एक जीप दारात थांबली आणि घरचीच वाटावीत अशी सात-आठ माणसं उतरली. पुढं एक वयस्क व्यापारी, कपाळाला विभूती, पांढरे कपडे. मागं त्याची बायको, बहीण जिला सगळे आत्याबाई म्हणत, मुलगी, भाऊ. सगळ्यात मागं त्याचा मुलगा, खाली मान घालून.

"सून गेली, साहेब," व्यापारी म्हणाला.

"गेली म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"गेली म्हंजे पळाली. अंगावर सगळे सोन्याचे डाग हायत. कुणाचा तरी हात हाय ह्याच्यात."

मुलाच्या लग्नाला चार-पाच महिने झाले होते. सगळं घर सकाळी चारठाण्याला महादेवाच्या दर्शनाला गेलं. तिथून पाणी बघायला येलदरीला. धरण भरत आलं होतं, गर्दी होती. तिथले मासेमार लोकांना होडीतून काठाकाठानं फेरी मारून आणतात. यांनी दोन होड्या केल्या, एकीत पुरुष आणि एकीत बायका. फेरी झाली, होड्या काठाला लागल्या. पुरुष वर चहाला गेले. बायका जीपकडे आल्या. सासूला वाटलं सून नवऱ्याबरोबर रेंगाळली असेल. नवऱ्याला वाटलं बायको आईबरोबर आहे. नव्या जोडप्याला हाका कशाला मारायच्या म्हणून कुणी बराच वेळ शोधलंच नाही. फराळाला बसले तेव्हा लक्षात आलं की ती कुणाबरोबरच नाही.

साहेब तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला. "होडी मध्ये कुठं थांबली होती का?"

"कुठंच न्हाई," सासू म्हणाली.

नणंदेनं मान हलवली. आत्याबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "न्हाई बाई, थांबायचं काय काम?"

हरवल्याची नोंद झाली. साहेबांनी धरणावर दोन शिपाई पाठवले. त्यांनी बायकांच्या होडीवाल्याला ठाण्यात पाठवून दिलं आणि थोड्या वेळानं खबर दिली. चहाच्या टपरीवाल्यानं एका पोराला मोटरसायकलवर जाताना पाहिलं होतं, मागं तोंडाला ओढणी बांधलेली बाई, जिंतूरच्या रस्त्यानं. शिवाय सुनेचा मोबाईल सासूच्याच पिशवीत निघाला. पाण्यात पडू नयेत म्हणून बायकांनी सगळे मोबाईल एका पिशवीत टाकले होते. त्यावर सकाळपासून एकाच नंबरला वारंवार फोन केलेले होते. नंबर तिच्या माहेरच्या गावातल्या एका तरुणाचा.

व्यापारी म्हणाला, "बगा. मी काय म्हणलो?"

आम्हा सगळ्यांना ते पटलं. असली प्रकरणं ठाण्याला नवी नसतात. बिनतारी संदेश गेले, रस्त्यांवर गाड्या अडवून बघायला सुरुवात झाली. नंबर ज्याचा होता त्या तरुणाच्या गावच्या ठाण्याला फोन लावला. त्यांनी त्याला उचलला आणि साहेबांशी बोलायला दिला. तो मेडिकलच्या दुकानात कामाला होता. सकाळपासून दुकानातच होता, दुकानापुढची दहा माणसं तसं सांगत होती.

"साहेब, तिच्या बापाला साखर हाय," तो रडकुंडीला येऊन सांगत होता. "म्हातारा सुई टाळतो. घेतली का न्हाई ते ती मला इचारती. दुसरं काई न्हाई साहेब, आईची आन."

साहेबांनी फोन ठेवला. मोटरसायकलवालीही सापडली. ती मोटरसायकल चालवणाऱ्या पोराची सख्खी बहीण निघाली, वसमतची, राखीला माहेरी आलेली. साहेब उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "होडीवाल्याला आत घ्या."

बायकांची होडी चालवणारा पन्नाशीचा माणूस होता. तो आत आला तोच हात जोडून. साहेबांनी काठी टेबलावर ठेवली, उचलली नाही.

"होडी कुठं थांबवलीस?"

"न्हाई साहेब. आमाला कुठं उतरवायची परवानगीच न्हाई."

"बाई पाण्यात पडली का?"

"पडली असती तर बोंब झाली नसती का? आन जॅकेटं बगा ना साहेब. जितकी दिली तितकी वापस आली. जॅकेट आलं म्हंजे माणूस आलं."

ते ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जॅकेट परत आलं म्हणजे ती काठावर उतरली. काठावर उतरली म्हणजे कुठंतरी जमिनीवर आहे. मला मात्र चैन पडेना. गोष्ट रचून सांगणारा माणूस लांबण लावतो. हे सगळे तोडून बोलत होते. कुठंच न्हाई. थांबलीच न्हाई. उत्तर झालं की तोंड मिटायचं. आणि होडीवाला बोलताना सासूकडे बघत होता, तिनं होकार द्यावा तसा.

साहेबांनी बायकांना मागच्या खोलीत बसवायला सांगितलं आणि मी त्यांना पाणी द्यायला गेले. त्या बाकावर ओळीनं बसल्या होत्या. पाणी देताना माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. तिघींच्याही पोटऱ्यांवर काळा गाळ वाळून तडकला होता. साड्यांचे काठ गाळानं कडक झाले होते. होड्या लागतात तो काठ दगड लावून बांधलेला आहे, तिथं बूटसुद्धा भरत नाही. मी बाहेर येऊन पुरुषांचे पाय बघितले. स्वच्छ होते.

पुन्हा आत गेले आणि दार लावून घेतलं.

"कुठं उतरला होतात?" मी विचारलं.

"कुठंच न्हाई म्हणलं की," सासू म्हणाली.

"मग हा गाळ काय होडीत होता?"

नणंद पदराचं टोक पिळत होती. वय अठरा-एकोणीस असेल.

"लघवीला उतरलात ना?"

सासूनं दाराकडे बघितलं. "हळू बोला ओ. बाहीर माणसं हायत."

"ती माणसं बी लघवीला जातात. उतरलात का न्हाई?"

नणंद रडायला लागली आणि रडत रडत सगळं बाहेर आलं. सकाळपासून बायकांना कुठं आडोसा मिळाला नव्हता. होडीत बसल्यावर आत्याबाईला दम धरवेना. पाण्यात एक टेकाड वर आलेलं होतं, त्यावर वेड्या बाभळी. आत्याबाईनं होडीवाल्याला विनवलं. त्यानं होडी लावली आणि पाठ करून बिडी ओढत बसला, बायकांकडे बघायचं नाही म्हणून. पुरुषांची होडी टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली होती. त्यांना वाटलं बायका पाणी बघत मागं राहिल्या.

"वैनीनं जॅकेट होडीतच काढून ठिवलं," नणंद म्हणाली. "आईच्या जवळ बसायची तिला लाज वाटली. ती लांब झुडपात गेली. मग दादाची होडी पलीकडं दिसली. आत्या तिला येताना चिडवायली होती, जा की नवऱ्याच्या होडीत म्हणून. मला वाटलं तिकडं बसली. होडीवाल्यानं इचारलं, बसल्या का? मी हो म्हणलं."

"आणि हे मघाशी का सांगितलं न्हाई?"

सासू म्हणाली, "बाई, मालक समोर, दीर समोर, साहेब समोर. कोण्या तोंडानं सांगावं? आन आमाला वाटलं, ती नवऱ्याच्या होडीतून काठाला तर आली आसंल, मग तिथून पळाली आसंल."

मी दार उघडून थेट साहेबांपाशी गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी होडीवाल्याकडे बघितलं.

"साहेब, मी मोजलं न्हाई. बायकांना काय बगून मोजावं? जॅकेटं मोजली." मग त्याचा चेहराच बदलला. "साहेब, वरच्या धरणातून पाणी सोडलंय सकाळच्याला. सांजंपरेंत ते टेकाड ऱ्हात न्हाई."

साहेबांनी लगेच जीप काढायला लावली. जीपमध्ये साहेब, मी, होडीवाला आणि नवरा. रस्त्यात गुरं आडवी आली तेव्हा साहेब स्वतः उतरून हाकलायला लागले. मी घड्याळाकडे न बघता आभाळाकडे बघत होते. ढग होते आणि उजेड जायला लागला होता.

काठावर आलो तर पाणी दगडांच्या वरच्या रांगेला लागलं होतं. होडीवाल्यानं इंजिनाची दोरी ओढली, ते दोनदा बंद पडलं. नवरा त्याच्या हातातून दोरी ओढून घ्यायला गेला.

"बसा दादा," होडीवाला म्हणाला. "होडी उलटली तर मंग सगळेच गेलो."

मला पोहता येत नाही. पाणी काळपट झालं होतं आणि लाटा होडीच्या काठावरून आत येत होत्या. वाकलेल्या बाभळींचे नुसते शेंडे पाण्यावर दिसायला लागले तेव्हा होडीवाला म्हणाला, "आलं." मला तिथं टेकाड दिसेना. त्यानं इंजिन बंद केलं. नवऱ्यानं तिच्या नावानं हाक मारली. मग पुन्हा. वारा आमच्या तोंडावर होता, हाक मागंच जात होती. साहेबांनी शिट्टी काढून वाजवली.

हिरव्या साडीमुळे ती झाडीत दिसत नव्हती. आधी तिचा हात दिसला. टेकाडाचा एक खाटेएवढा तुकडा उरला होता आणि त्यावर ती आमच्याकडे पाठ करून उभी होती. त्यावरही पाणी चढून तिच्या घोट्यांच्या वर आलं होतं. हातात बाभळीची काटेरी फांदी होती. साप पण त्याच तुकड्यावर येत होते, ते ती ढकलत होती. हातातून रक्त वाहत होतं.

आम्ही तिला वर ओढलं. मी माझा रेनकोट तिच्या अंगावर टाकला. ती रडत नव्हती. बोलली तीही माझ्याशी, नवऱ्याशी नाही.

"दुपारी एक होडी जवळून गेली. मी वरडले. पदर हालवला. त्यांनी बी हात हालवले. फोटू काढले आन गेले."

ठाण्यात आलो तेव्हा दिवे लागले होते. सासऱ्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि साहेबांना म्हणाला, "सापडली, देवाची कृपा. आता ते कागद फाडून टाका, साहेब. घरातली गोष्ट हाय."

"ठाण्यातला कागद फाडता येत नाही," साहेब म्हणाले. "सूनबाईंचा जबाब होईल, मग निकाली काढू."

तिनं कान टवकारले. "माज्याबद्दल काय लिवलंय?"

तिचा हक्क होता, म्हणून मी वाचून दाखवलं. परपुरुष, डाग, पळून गेली, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आता माजं लिवा. सासूबाई, आत्याबाई, नणंद आन मी, होडी थांबवून लघवीला उतरलो."

लिहून घेणारा शिपाई थबकला. "नैसर्गिक विधीसाठी असं लिहू का?"

"मी सांगते तसं लिवा."

त्यानं तसं लिहिलं. मग सासूचा जबाब झाला. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, तेवढं वगळा ना. सही करायला लावता, लोकं वाचतेत."

सून शेजारीच बसली होती. तिला ऐकू गेलं. "मी पाण्यात व्हते तवा तुमी वगळलंच व्हतं," ती म्हणाली.

सासूनं सही केली. आत्याबाईनं अंगठा दिला. बाहेर पुरुष जोड्यांवरची नसलेली धूळ झटकत उभे होते. आम्ही निरोप धाडला होता, सुनेचा बाप येईपर्यंत ती माझ्याजवळच बसली. तो आल्यावर त्याला पहिलं विचारलं की सुई घेतली का. त्यानं न्हाई म्हटलं तेव्हा मात्र ती रडली. त्याच्याबरोबर ती गेली. पुढं सासरी परत नांदायला आली की नाही, मला माहीत नाही. पोलिसाला पुढचं सहसा कळत नाही. तक्रार आली तरच कळतं आणि त्या घरातून पुन्हा तक्रार आली नाही.

होडीवाल्याला साहेबांनी समज देऊन सोडलं. त्याच्यावर मी रागावले नाही. बायकांकडे बघू नये हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं आणि त्यानं ते पाळलं. मोजावं हे कुणी शिकवलं नव्हतं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट पक्की कळली. सून परक्याबरोबर पळाली हे भर ठाण्यात, अनोळखी माणसांसमोर सांगताना त्या घरातल्या कुणाचीही जीभ अडखळली नाही. लघवीला उतरलो एवढं सांगायला मात्र दार लावावं लागलं, आणि तेवढ्या वेळात पाणी चढत होतं. निवृत्त होईपर्यंत मग मी बाई हरवल्याच्या तक्रारीत तक्रारदाराला आधी बाहेर बसवायची. दार लावायची आणि घरातल्या बायकांना जे विचारायला सगळे लाजतात ते सगळ्यात आधी विचारायची.