जोडव्यांचा वण समजून जपलेला डाग

मैत्रिणींनो, हे लिहू की नको, असं दुपारपासून चाललंय.

डब्लिनजवळ ओंगारला मुलाकडे थोड्या दिवसांसाठी आले आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. नाशिकचं घर कुलपात, मी इथे. बाहेर पडलं तरी पाच किलोमीटरची हद्द.

माझे गुडघे दुखतात, म्हणून आज सून पायाची नखं कापून देत होती. एकदम थांबली.

"आई, बोटाच्या खाली हा काळा डाग कसला?"

"अगं, जोडव्यांचा वण आहे. बाबा गेल्यावर काढली ना."

"वण वाढतो का, आई? दिवाळीत एवढासा होता."

ह्यांची तेवढी खूण अंगावर राहिली, असं मी मानत आले होते.

तिने फोटो इथल्या डॉक्टरीणबाईंना पाठवला. फोनवर मी म्हटलं, "त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो ना, उन्हाने?" त्या म्हणाल्या, सावळ्या लोकांनाही होतो, आणि तळपायाला, तळहाताला, नखाखाली, जिथे ऊन पोचत नाही तिथेही. डाग वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग एकसारखा राहिला नाही, तर थांबायचं नाही.

माझ्या डागात हे सगळं आहे. सोमवारी तुकडा काढून तपासणार आहेत. काही नसेलही, म्हणाल्या.

मुलगा वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर आहे. त्याला अजून सांगायचंय. वडिलांनंतर आता हे, कुठल्या तोंडाने सांगू?

मला जगायचंय. तरी ह्यांची खूण जाणार, म्हणून मोजा काढून तो डाग बघत बसलेय.

तुम्ही तुमचे तळपाय शेवटचे कधी पाहिलेत? वाकता येत नसेल, तर कुणाला दाखवाल?