पिसवांचं बाळंतपण

मी सासरी नांदायला येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा मी बाळंत झाले, अशी बातमी आमच्या गावापासून थेट पातूरला, माझ्या माहेरापर्यंत पोचली. बाळ सोडलं तर त्या बातमीत नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं! आणि चूक कोणाची म्हणाल, तर सगळी माझी. (थोडी बोक्याची.)

ते दिवस कापसाच्या भरभराटीचे. सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यामुळे आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोण कोणाशी कशावरून लढतंय, हे अकोल्यापासून सहा कोसांवरच्या आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. घरात तर माजघरात कापूस, ओसरीवर कापूस, चुलीपासून हातभर सोडून पुन्हा कापूस! मला घराच्या चारपैकी दोनच भिंती माहीत होत्या.

अशा घरात मी दसऱ्याला आले, ती माहेरचा बोका टोपलीत लपवून. त्याच्यावर लुगडी टाकली होती. वाटेत कधी मी रडायची, कधी तो. घरात आल्यावर मात्र तो कापसाच्या ढिगावर असा पसरला, की जणू सासर त्याचंच होतं आणि मी पाठराखीण!

पौष लागला आणि घर खाजवायला लागलं. आधी मामाजी, मग आमचे हे, मग आत्याबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्यासमोर उभं राहून बोलायची गावातल्या पाटलाचीही छाती नव्हती. पण पिसू कुठं पाटील असते? ती सरळ पोटरीला डसली.

"पिसवा!" मामाजी गरजले. "आपल्या घरात पिसवा? आल्या कुठून?"

मी चुलीत तोंड घातलं. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बकऱ्यायच्या असतील. धनगर नाई का बसला होता अंगणात?"

मामाजी नि हे गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजाराला निघाले होते. परत येताना ते व्यापाऱ्याचा माणूस आणणार होते, उरलेला कापूस दाखवायला. मामाजींनी बजावलं, "आमी येईपर्यंत एक पिसू दिसली नाई पायजे. आन् गावात ब्र काढायचा नाई! कापसात पिसवा हायेत म्हटलं, तर कोण घेईन माल?"

निघताना हे गोठ्यापाशी थांबले. चार महिन्यांत आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दंड खाजवला आणि हळूच विचारलं, "तुले लय चावतात का व?" नवऱ्याने माझ्याशी बोललेलं हे पहिलं गोड वाक्य. मी लाजले. आणि खाजवलं.

गाड्या दिसेनाशा झाल्या आणि मी आत्याबाईंचे पाय धरले. "आत्याबाई, बकऱ्यायच्या नाईत. बोक्याच्या हायेत. त्याले नका हाकलू!"

"मले दसऱ्यालेच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "टोपलीतून शेपूट लोंबून राहिली होती. ऊठ. तुह्या सासऱ्याले समजलं, तर पोत्यात घालून डोंगरात सोडतीन त्याले. कोणाले सांगू नको. आपण दोघी निस्तरू."

मग आम्ही निस्तरायला लागलो. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. घमेल्यात निखारे घेऊन ओवा आणि लिंबाच्या पाल्याची धुरी सुरू केली. (धुराने आम्ही दोघी खोकत बाहेर, पिसवा आत निवांत!) सकाळ-संध्याकाळ हंडाभर पाणी लिंबाचा पाला घालून उकळायचं आणि त्यानेच आंघोळ करायची. केसांत शिरू नयेत म्हणून मी कानांवरून घट्ट फडकं बांधलं. कोणी बाई आली, की आत्याबाई उंबऱ्यातूनच परत पाठवायच्या, "आज नको वो, दहा-बारा दिवस कोणी येऊ नका." आणि बोक्याला करंजाचं तेल लावून फणीने विंचरायला घेतलं, की तो असा टाहो फोडायचा, अगदी तान्ह्या लेकरासारखा!

आता तुम्हीच सांगा, शेजारच्या जनाकाकूने काय समजावं?

दाराला लिंब, आत शेगडी, ओव्याचा वास, कानाला बांधलेली सून, बंद दार आणि आतून ट्यँहां! काकूने विहिरीवर बोटं मोजली. चारच महिने भरत होते. मग तिने दुसऱ्या बाईला मोजायला लावली. तिची तीनच भरली. संध्याकाळपर्यंत सगळं गाव हिशेब करत होतं आणि कोणाचाच जुळत नव्हता! आम्ही मात्र खूश. कोणी फिरकत नाही, म्हणजे आपलं गुपित पक्कं राहिलं.

पाचव्या दिवशी माझी माय दारात उतरली. डोक्यावर डिंकाच्या लाडवांचं गाठोडं, डोळे रडून सुजलेले. आत्याबाई मागे परसात पाणी उकळत होत्या. मायने मला पाहिलं, डोक्याचं फडकं पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दार लोटून घेत ती म्हणाली, "पारू, बाबानं दोन दिवसांपासून अन्नाले हात नाई लावला. मायले खरं सांग. कवापासून हाय हे?"

मायला कळलं! माझा बांधच फुटला. "दसऱ्यापासून. मी येतानाच घेऊन आली व माय."

"म्हंजे... माहेराहून?"

"हो."

माय मटकन खाली बसली. "ईनबाईले ठाऊक हाय?"

"पहिल्या दिवसापासून. त्या म्हणतात, कोणाले सांगू नको, आपण दोघी निस्तरू."

"किती मोठ्या मनाची बाई!" मायने हात जोडले. "आन् जावयाले?"

"त्यायले बिचाऱ्यायले काईच नाई माहीत."

"कोणाचं हाय?"

"बोक्याचं."

"कोण बोक्या?"

"असं काय करतं? आपला घरचा! तूच तर त्याले दूध पाजे!"

मायला ते उमगलं नाही. तिने कपाळ बडवलं आणि कसंबसं विचारलं, "आता... जित्तं हाय ना?"

"जित्तं?" मी हुंदका देत म्हणाले, "माय, दगडानं चिरडलं, उकळतं पाणी टाकलं, धूर कोंडला... मरतच नाई!"

मायने जी किंकाळी फोडली, ती पार वेशीपर्यंत गेली असेल. दोन पळांत अंगणात बायकाच बायका! आत्याबाई हातात लिंबाच्या पाण्याचा हंडा घेऊन धावत आल्या. त्यांनी बेशुद्ध पडायच्या बेतात असलेली माय पाहिली, लाडू पाहिले, बायकांची मोजणारी बोटं पाहिली, आणि काय झालंय ते त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. माझ्या अजूनही आलं नव्हतं.

कापसाचं वाटोळं होईल, मामाजी ओरडतील, सगळं त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी हंडा खाली ठेवला आणि दार सताड उघडलं.

"या वो, बाळ पाहायले या! लाजू नका."

बायका घाईघाईने आत घुसल्या. आणि तितक्याच घाईने बाहेर! कोणी पदर झटकतंय, कोणी पोटऱ्यांवर चापट्या मारतंय, जनाकाकू तर एका पायावर विहिरीपर्यंत गेली.

"पिसवा हायेत!" आत्याबाई हातात गोधडी घेऊन ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या. "आमच्या घरच्या हायेत, माह्या हायेत. माह्या सुनेचं नाव कोणी काढलं, तर याद राखा, हीच गोधडी तुमच्या अंगणात आणून झटकीन!"

तेवढ्यात तेलाने माखलेला बोका दारातून बाहेर आला आणि मायकडे पाहून ओळखीचं म्यांव बोलला. माय आधी हसली, मग रडली, मग मला कवटाळून दोन्ही एकदम करायला लागली. (त्यात तिलाही पिसवा लागल्या. माहेरच्याच होत्या, परत गेल्या म्हणायचं.)

आता लपवायचं काही उरलंच नाही, तेव्हा सगळी आळी कामाला लागली. कापूस अंगणात काढून कडक उन्हात पसरला. गोधड्या उकळल्या. भिंतींना चुना, जमिनीला शेण. बोक्याला रिठ्याच्या पाण्याने रोज न्हाऊ. तरी आठव्या दिवशी पिसवांची नवी पिढी निघाली! पुन्हा सगळं पहिल्यापासून. माय बारा दिवस राहिली, म्हणजे बाळंतपणाला राहतात तशीच.

गाड्या परतल्या, तेव्हा घरात एक पिसू नव्हती आणि उन्हं खाल्लेला कापूस असा फुलला होता, की व्यापाऱ्याच्या माणसाने तो हातात घेऊन पुन्हापुन्हा दाबून पाहिला. मामाजींनी बोक्याकडे रोखून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "थो घरचाच हाय," आणि तो विषय तिथंच संपला.

हे मात्र गोठ्यापाशी घुटमळत होते. वाटेत अकोल्यात त्यांना कोणीतरी बाप झाल्याचं सांगितलं होतं! त्यांनी कमरेतून एक लाकडी खुळखुळा काढला.

"तुमी इचारलं नाई काहून काईच?" मी म्हणाले. "चारच मयने झाले होते ना!"

"मले वाटलं," ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "तुले सांगावंसं वाटीन तवा सांगशीन."

त्या दिवसापासून मी माहेरासाठी रडले नाही.

राहता राहिले लाडू. बाळंतिणीचे लाडू माघारी न्यायचे नसतात, असं माय म्हणाली. (हा नियम तिने तिथल्या तिथे काढला असावा.) एवढे डिंकाचे लाडू वाया कसे घालवायचे? खाल्ले मी! माघ उजाडेपर्यंत माझं पोट असं काही दिसायला लागलं, की विहिरीवर जनाकाकू पुन्हा बोटं मोजायला लागली. या खेपेला आत्याबाईंनी एक दिवसही दम धरला नाही. घागर खाली ठेवून त्यांनी सगळ्यांदेखत ठणकावलं, "मोजू नका वो, लाडू हायेत थे!"

आणि मी त्यांच्या मागे उभी राहून तोंडातला घास घाईघाईने गिळत होते.