वाजवून घेतलेला फोन

कौसल्याताईंबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी अजूनही भांडते. माझं तोंड पहिल्यापासून तिखट आहे. त्याचा चांगला उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

ताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या आमच्या गल्लीच्या एका टोकाला त्यांचं घर आणि दुसऱ्या टोकाला माझं. माझ्या एका पायात लहानपणापासून जोर नाही. काठी घेऊन मी कुठंही जाते, पण माझ्या चालीनं. नवरा, गयासोद्दीन, ट्रकवर ड्रायव्हर. कापसाच्या गाठी घेऊन नागपूर, रायपूर आणि त्याच्याही पलीकडं जायचा, तो लवकर परतायचा नाही.

त्याचा फोन यायचा तो स्टेशनसमोरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. लांबून फोन म्हणजे तेव्हा ट्रंककॉल. एक्स्चेंजमधली बाई सांगायची, आमिनाला बोलवा. मग एखादा हमाल पळत यायचा, मी काठी उचलायची, आणि मी पोचेपर्यंत लाइन कापलेली असायची. दर वेळी हेच. ऑफिसातली माणसं उगाच कागद चाळत बसायची. माझी कुणी कीव केली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, त्यामुळे मी त्यांच्यावरच खेकसून परत यायची. लग्नाला वर्षं झाली होती, पण माझ्या नवऱ्याचा आवाज फोनवर कसा लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली दवाखान्याच्या कामासाठी ताईंना घरी फोन मंजूर झाला. गल्लीतला पहिलाच. ताईंपेक्षा त्यांचे यजमान संपतभाऊ जास्त हरखले. ते शाळेत मास्तर होते आणि हौशी माणूस. फोन यायच्या आधीच त्यांनी बैठकीत तिपाई मांडली आणि तिच्यावर विणलेला रुमाल घातला.

टेलिफोन खात्याचा लाइनमन बद्रीनाथ दोन फोन घेऊन आला, तेव्हा मीही मुद्दाम बघायला गेले होते. एक हस्तिदंती रंगाचा, हलका आणि देखणा. दुसरा काळाकुट्ट, उचलताना मनगट दुखावं असा. भाऊंनी देखणा लगेच तिपाईवर ठेवून पाहिला. ताई मात्र माझ्याकडं वळल्या.

"आमिना, तू जल्दी घरी जाय. आन् दार लावून बस."

मी इतकं चालत आले होते आणि ही बाई मला घरी जा म्हणते! मी काठी उचलली आणि निघाले. घरी येऊन मी दार आपटलं, कडी घातली आणि भांडी घासायला बसले. बराच वेळ काही नाही. मग एकदम घंटा वाजली. खणखणीत, लांबलचक, जणू माझ्याच फळीवर फोन ठेवलाय. मी दार उघडलं तर ताई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या.

"ऐकू आलं का गं?"

"आलं की! सगळ्या जालन्याला आलं!"

"मंग काळाच ठेव रे बद्रीनाथ!" ताई मागं वळून ओरडल्या. "त्या गोऱ्याची घंटा मधल्या पाणपोईपर्यंतबी येत न्हाई."

संपतभाऊ हिरमुसले. "अगं, पाहुणे येतील, काय म्हणतील?"

"माठ घेताना तुम्ही टिचक्या मारून घेता. मंग ह्याला का न्हाई मारायच्या? अन् चांगला फोन म्हंजे ज्याची घंटा ऐकू येती तो."

माझ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी ताईंना दुपारी चहा पिताना फटकन विचारलं. त्या हसल्या. "तुझ्यासाठी कुठं? तुला बोलवायला दर वेळी गल्लीभर पळायचा मला कंटाळा." मग थोड्या वेळानं त्यांनी धावडा या गावाचं सांगितलं. त्यांचं बालपण तिथलं. वस्ती गावाबाहेर, शाळा गावात. शाळेची घंटा वस्तीपर्यंत यायचीच नाही. सूर्य बघून निघायचं, आणि आभाळ असलं की उशीर ठरलेला. रोज हातावर छडी. "मास्तर म्हणायचे, घंटा ऐकू येत न्हाई का? मी म्हणायची, न्हाई येत. त्याचीबी एक छडी जास्तीची." हे सांगताना त्या स्वतःच हसत होत्या. मला हसू आलं नाही.

काळा फोन संपतभाऊंच्या डोळ्यांत खुपत राहिला. शेवटी त्यांनी साळूबाईला गाठलं. ही आमच्या गल्लीत गाद्या-रजया शिवायची. जिनिंग मिलमधला चांगला कापूस भरून, वर लाल मखमल आणि कडेला जर लावून तिनं फोनला टोपडं शिवलं. धूळ बसू नये म्हणून, असं भाऊ सांगायचे. थंडीतल्या बाळासारखा फोन गुंडाळून बसला. दवाखान्यातून थकून आलेल्या ताईंनीही कौतुक केलं. घंटेचं काय होईल हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही.

आणि दोनच दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तार आली. गयासोद्दीन आणि त्याच्या जोडीचा ड्रायव्हर भुजंग, दोघं दोन गाड्या घेऊन बरोबर निघाले होते. निघताना गयासोद्दीननं ताईंच्या फोनचा नंबर लिहून घेतला होता. त्यातली एक गाडी घाटात उलटली होती. कोणाची, ते तारेत नव्हतं.

ताईंनी एक्स्चेंजला फोन लावून नागपूरची चौकशी केली. तिथली बाई म्हणाली, "अहो, सकाळी नागपूरहून आमिनाबाईंसाठी कॉल आल्ता की. किती वेळ घंटी देऊन राह्यले मी, कुणी उचललंच न्हाई." सकाळी ताई स्वयंपाकघरात होत्या, स्टोव्ह भणाणत होता. भाऊ तर बैठकीतच पेपर वाचत होते. कॉल अपघाताच्या आधीचा की नंतरचा? नवऱ्याचा की त्याची खबर देणाऱ्या दुसऱ्या कुणाचा? त्या बाईला तेवढं माहीत नव्हतं.

संपतभाऊंनी माझ्यासमोर टोपडं ओढून काढलं. चपला घातल्या आणि तडक बद्रीनाथकडं गेले. संध्याकाळी वायरचं मोठं भेंडोळं घेऊन दोघं आले. बद्रीनाथ जोडत होता आणि भाऊ म्हणत होते, "अजून लांब कर. अजून." वायर इतकी लांब झाली की फोन दारातून थेट रस्त्यावर नेता यावा.

ताई म्हणाल्या, इथंच बसून राहा. मी राहिले नाही. चार बाया माझ्या तोंडाकडं बघत बसल्या असत्या, ते मला नको होतं. रडायचं तर मला माझ्या घरी रडायचं होतं. ताईंनी आग्रह केला नाही. फक्त दुसऱ्या दिवशीची आपली पाळी बदलून घेतली आणि फोनपाशी बसल्या.

दुपारी घंटा वाजली. माझ्या घरात, बंद दारातून, स्पष्ट.

मी कशी उठले, काठी कुठून हातात आली, मला आठवत नाही. रस्त्यावर ऊन होतं. जल्दी, आमिना, जल्दी, असं मी स्वतःलाच म्हणत होते आणि पाय ऐकत नव्हता. वर बघितलं तर समोरून कौसल्याताई येत होत्या. अनवाणी. डाव्या हाताच्या कवेत तो जड काळा फोन, उजव्या हातात कानाला लावलेला रिसीव्हर, आणि मागं दारापासून लांबत आलेली वायर, जी संपतभाऊ दोन्ही हातांनी सोडवत होते.

"बाई, लाइन कापू नका! बिलकुल कापू नका! माणूस येऊन राह्यलंय, मला दिसतंय!"

वायर संपली तिथं ताई थांबल्या. पुढचं मी गेले. त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला धरला. पिठाचा हात होता, माझ्या गालाला पीठ लागलं.

"आमिना?"

त्याचा आवाज फोनवर पहिल्यांदाच ऐकत होते, तरी ओळखायला वेळ लागला नाही. भुजंगची गाडी उलटली होती, त्याचा पाय मोडला होता, जीव वाचला होता. हा त्याच्याजवळ दवाखान्यात बसून होता. गल्लीत सगळ्यांशी भांडणारी मी, नुसती हुंदके देत होते. तिकडून तो आश्चर्यानं विचारत होता, "अरे, इत्ती जल्दी कैसे आगई तू?"

मी ताईंकडं बघितलं. भर उन्हात, तापलेल्या रस्त्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, फोन पोटाशी धरून त्या उभ्या होत्या.

"आधा रस्ता मैं आई," मी म्हणाले. "आधा रस्ता ताई आए."