दिवाणातली मालकीण

माझे मामा जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवी गादी, नवं कापड चढवतात. चाळीस वर्षं बारीक खिळे ओठांत धरून काम केल्याने कमी बोलायची सवय लागली, असं ते म्हणतात. मामीचं म्हणणं, खिळे नसले तरी काही फरक पडत नाही.

दुकानात एक पांढरी मांजर असायची. दुरुस्त झालेल्यांतली सगळ्यात महागडी खुर्ची निवडून ती बसे, म्हणून गिऱ्हाइकांनी तिचं नाव मालकीण ठेवलं. सकाळभर रस्त्यावर उंडारायची आणि मग येऊन झोपायची. डबा उघडताना मामा कामाच्या लांबलचक फळीवर हातोडीचे तीन ठोके मारत, की मालकीण आळस देत हजर.

गेल्या महिन्यात तिला एका स्कूटरची धडक बसली. पाय वाचला, पण जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की हिला जन्मापासून ऐकू येत नाही. आता घरातच ठेवा, पुन्हा रस्त्यावर गेली तर वाचायची नाही. मामांना ते पटलं नाही. सहा वर्षं आपल्या हातोडीला ओ देणारी मांजर बहिरी कशी? डॉक्टरबाईंनीच कान तपासून घ्यावेत, असं ते वाटेत पुटपुटत होते.

दुकानातलं काहीही घरात आणायचं नाही, हा मामीचा तीस वर्षांचा नियम. साधा खिळासुद्धा नाही. पण बँडेज बांधलेला पाय बघून ती म्हणाली, बरं, तात्पुरती.

मामांनी खिडक्यांना जाळी बसवली, वाळूचा ट्रे ठेवला, मखमलीची गोल उशी शिवली. मालकिणीने उशी एकदा हुंगली आणि लंगडत दिवाणाखाली गेली. दिवाणाच्या तळाचं कापड आठ वर्षं फाटलेलं होतं. मामी आठवण करून थकली होती. त्या भोकातून मालकीण थेट दिवाणाच्या पोटात शिरली.

दोन दिवस ती बाहेर आली नाही, अन्नाला शिवली नाही. मामा जमिनीवर पालथे पडून हाका मारत राहिले. ओढून काढावं तर दुखरा पाय. डॉक्टरबाईंनी फोनवर बजावलं, आज तिने काही खाल्लं नाही तर सलाइन लावावं लागेल.

"उद्या दुकानात नेऊन सोडतो," मामा उठत म्हणाले. "तिथे निदान जेवेल तरी."

"आणि रस्ता?"

मामा गुडघ्यांवरची धूळ झटकू लागले. ओठांत खिळे नव्हते.

मामी दिवाणावर बसली. तेवढ्यात गॅलरीतलं कपड्यांचं मशीन पिळायला लागलं, फरशी थरथरली, दिवाणही. आणि आत काहीतरी हललं. मामीने दिवाणाच्या लाकडावर तळवा ठेवला. थरथर हाताला लागत होती.

"दुकानात ही झोपते कुठे?"

"फळीच्या दुसऱ्या टोकाला."

"ठोके मारता त्याच फळीच्या?"

"हो."

"अहो, मग जा. हातोडी घेऊन या."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग चपला न घालताच निघाले, जिन्यातून परत आले, चपला घातल्या.

हातोडी आली. दिवाणाच्या पायावर तीन ठोके. काही नाही. पुन्हा तीन. फाटकं कापड फुगलं, मिशा दिसल्या, मग जळमटं लागलेलं पांढरं डोकं. मालकीण लंगडत सरळ वाटीशी गेली आणि मान वर न करता सगळं संपवलं.

"सांगत होतो ना, हातोडीला येते," मामा म्हणाले.

"ती तीन ठोक्यांत आली," मामी म्हणाली. "तुम्हाला ते कापड आठ वर्षं सांगतेय."

हातोडी आता स्वयंपाकघरात, चमच्यांशेजारी असते. मी शिकायला त्यांच्याकडे राहते. दिवाणाच्या पायावर तीन ठोके पडले की मीही पुस्तक मिटून जेवायला येते. मखमली उशी मामी पाठीला घेते. तात्पुरती हा शब्द घरात कुणी काढत नाही.

रविवारी मामा ओठांत खिळे धरून दिवाणाखाली सरकले, कापड बदलायला. मामीने खाली वाकून सांगितलं, सगळं बंद करू नका, तिला दार हवं. मामांनी नवं कापड ताणून बसवलं आणि भोक होतं तिथे मांजरीपुरती गोल जागा कापून कडेला मखमलीची किनार लावली.