दुसरीच्या बिल्ल्यावर गेलेली बोटं

"हात पुढं कर."

मी केला. उजवा, पट्टी बांधलेला. दिवाणजीच्या ऑफिसात चार खुर्च्या होत्या, दोन रिकाम्या. मी दाराशी फाटक्या पोत्यावर बसलेली. विमा कंपनीचा साहेब तरुण होता, नवी चामड्याची बॅग मांडीवर धरून बसला होता. पट्टी सोडा म्हणाला. सोडायची कोणी? मीच सोडली. डाव्या हातानं आणि दातानं. जखम ओलीच होती. साहेबानं पाहिलं, तोंड फिरवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"नाव काय?"

"चंद्रभागा," मी म्हणाले.

माझं नाव चंद्रभागा नाही. ते माझ्या मोठ्या जावेचं. पण दिवाणजीनं माझ्याकडून ते दोनदा घोकून घेतलं होतं, म्हणून मी तेच सांगितलं.

साहेबानं हजेरीचं रजिस्टर मागितलं. वरून खाली बोट फिरवत आला आणि एका ओळीवर थांबला. "अपघात मागच्या सोमवारी झाला म्हणता. चंद्रभागेची हजेरी मंगळवारी लागली आहे. बुधवारी आहे. कालचीही आहे. तीन बोटं तुटलेली बाई दुसऱ्या दिवशी कामावर आली होती का?"

 बाहेर कापसाच्या जिनांची घरघर चालली होती. दिवाणजी हसला. आजही कानात आहे ते हसणं.

"साहेब, चंद्रभागा तर तिकडं काम करून राहिली. दोन्ही हात धड हायेत तिचे. ही कोण बाई हाय, मले नाही मालूम. दुसरीचं नाव सांगून विमा खायले आली असन. या वस्तीतल्या बायांचं असंच हाय." मग माझ्याकडं वळून, "ऊठ वं. चोट्टी कुठली. निघ."

सात सीझन मी त्याच्या डोळ्यांपुढं काम केलं होतं. मी त्याला मामाजी म्हणायची.

आणि माझं खुळेपण पाहा. मी रडले नाही, भांडले नाही. मला वाटलं, हीसुद्धा मामाजीची युक्तीच असणार. साहेब गेला की हाक मारतील. म्हणून मी पट्टी कशीबशी गुंडाळून गेटाबाहेर बसून राहिले. साहेबाची गाडी गेली. चौकीदारानं गेट लावून घेतलं. हाक आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, खोटं नाव तर तूच सांगितलंस ना? हो, सांगितलं. तेच तर सांगायला बसले आहे.

आमची वस्ती सक्करदऱ्याच्या अलीकडं. दीक्षा घेतलेली घरं सगळी. पुरुष हमालीला, नाहीतर कापडाच्या गिरणीत. बाया जिनात. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळी झाली की सुरू व्हायचा, होळीनंतर थंडा पडायचा. यंत्रालाही आम्ही जिनच म्हणायचो. एका ओळीत जिनं, प्रत्येकापुढं एक बाई. ओंजळीनं कापूस सारायचा, रूळ तो ओढून घ्यायचा, पलीकडं रुई पडायची. नाकात, कानात, पोळीतही रुई. घरी आलो की पोरं म्हणत, आई म्हातारी होऊन आली.

कामावर असलेल्या बाईला पितळी बिल्ला मिळायचा, त्यावर नंबर. नंबरापुढं रजिस्टरात नाव. पण बाया जितक्या काम करत, तितके बिल्ले नव्हतेच. एका बिल्ल्यावर दोघी, कधी तिघी. एकीचं बाळंतपण आलं की दुसरी तिचा बिल्ला घेऊन जायची, तिच्याच नावाला "हाव जी" म्हणायची, आणि ती बाळंतपणातून उठली की बिल्ला परत करायची. तिची जागा जायची नाही, हिची चूल पेटायची. यात आम्हाला लबाडी कधी दिसलीच नाही. आम्हाला वाटायचं, ही आमची एकमेकींना साथ. दिवाणजी तर कौतुकच करायचा, "तुमी बाया लय एकीच्या." त्या एकीत मालकाचा किती फायदा होता, ते मला बोटं गेल्यावर कळलं.

त्या वर्षी चंद्रभागाबाईचे दिवस भरले होते. सबंध सीझन मीच तिच्या बिल्ल्यावर जात होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिला पोरगी झाली. नाळ कापली तेव्हा कंदील मीच धरला होता. त्यानंतरच्या सोमवारी कापूस ओला आला. ओला कापूस रुळाला चिकटतो, गोळा होतो, धूर निघायला लागतो. पट्टा उतरवून जिन थांबवायचं आणि मग साफ करायचं, असा नियम. पण पट्टा उतरवायला मिस्त्रीला बोलवावं लागे, आणि मिस्त्री आला की दिवाणजी मागं उभाच, "काहून थांबवलं?" म्हणून आम्ही चालत्या रुळावरूनच हातानं खरडायचो. त्या दिवशीही खरडलं. दुखलं नाही हो आधी. पलीकडं पडणारी रुई लाल दिसली, तेव्हा समजलं.

सरकारी दवाखान्यात दिवाणजी आला. बिस्किटाचा पुडा घेऊन आला. खाटेशी स्टुलावर बसला. "पोरी, तू आमच्या घरचीच. काही फिकीर करू नको. विमा कंपनीचा साहेब आला का चंद्रभागा म्हणजो. बिल्ला तिचा हाय ना, मंग विमा बी तिच्याच नावाचा. पैसे तुलेच भेटतीन." मला काय वाटणार? मी तर रोज त्याच नावाला ओ देत होते. साहेबापुढं फक्त आणखी एकदा द्यायची होती.

तिकडं त्यानं काय केलं, तर दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या कोणीतरी बाईला तोच बिल्ला देऊन जिनावर बसवली. सवयीनं. हजेरी लागत गेली. आणि त्याच हजेरीत तो सापडला. मग त्यानं मला सोडली, उकिरड्यावर केरसुणी टाकावी तशी.

त्यानंतर चार दिवसांनी तो आमच्या घरी आला. दारात उभा राहिला. म्हणाला, "पाणी दे वं पोरी."

हे नीट समजून घ्या. जिनात आमच्यासाठी वेगळा माठ होता, आणि तोही आम्ही शिवायचा नाही. माणूस वरून ओतायचा, आम्ही ओंजळीनं प्यायचो. आणि हा दिवाणजी आमच्या घरात, आमच्या पेल्यानं, ओठ लावून पाणी प्याला. सगळं संपवलं. मला भरून आलं. वाटलं, मामाजीला पश्चात्ताप झाला. त्यानं कागद काढला. "दवाखान्याच्या खर्चासाठी मालकानं दयेनं काही देल्लं, त्याची पावती हाय. अंगठा दे." चंद्रभागाबाई पोरीला पाजत तिथंच बसली होती.  मी डाव्या हाताचा अंगठा दिला.

पेलाभर पाण्यासाठी दिला. ही माझी चूक. दुसऱ्या कोणाची नाही.

शेजारी सोनबाजी राहत. गिरणीत विणकर होते, म्हातारपणी घरी बसले होते. संध्याकाळी आले आणि सगळं ऐकून कपाळावर हात मारला.

"काय लिहिलं होतं त्या कागदावर?"

"मले वाचता येते का बाबा?"

"मंग त्यालेच वाचून दाखव म्हणायचं होतं! जीभ बी जिनात गेली का तुही?"

मग त्यांनी समजावलं. शिव्या देत देत, पण समजावलं. म्हणाले, गिरणीत आमच्या पगारातून कापतात, आमच्याकडं कार्ड असतं, आमचा वेगळा दवाखाना असतो. जिन पडलं सीझनचं काम, तिथं ते कार्ड नाही. पण कायदा आहे. कामावर असताना कामामुळं इजा झाली की भरपाई मालकानं द्यायची. ती आपल्या खिशातून जाऊ नये म्हणून मालक विमा काढतो. तो विमा मालकाचा. हप्ता त्यानंच भरायचा. किती माणसं, किती मजुरी, हे कंपनीला खरं सांगायचं. माणसं कमी दाखवली की हप्ता कमी.

"म्हणून एका बिल्ल्यावर दोघी," मी म्हणाले.

"आत्ता उजेड पडला बाई. अन् ऐक. विमा असो का नसो, त्याच्या यादीत तुहं नाव असो का नसो, काम तू करत होती ना? मंग देणं त्याच्यावर लागते."

त्या दिवशी पहिल्यांदा मला राग आला. बोटं गेली तेव्हा आला नव्हता. चोट्टी म्हणाला तेव्हाही नाही. सात वर्षं मी जिला साथ समजत होते, ती त्याची बचत होती, हे कळलं तेव्हा आला.

सोनबाजींनी अर्ज लिहिला. कामगार भरपाईच्या कोर्टात दिला. तारीख पडेपर्यंत पावसाळा आला. तोवर मी डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवत होते. माझ्या पोरीची पाटी. पोरगी मलाच छड्या दाखवायची.

कोर्टात मालक आला नाही. वकील आला, दिवाणजी आला. आणि त्याच्या मागं, डोक्यावरून पदर घेऊन, पोरीला कडेवर घेऊन, चंद्रभागाबाई. माझी जाऊ. एका चुलीवर जेवणारी. सकाळी मला म्हणाली होती, डोकं दुखते, तू जा.

वकिलानं तो अंगठ्याचा कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की मी कारखान्यात कधीच कामाला नव्हते. त्या सोमवारी चंद्रभागेचा डबा घेऊन आले आणि गंमत म्हणून यंत्रात हात घातला. गंमत म्हणून.

चंद्रभागाबाईला विचारलं. तिनं जमिनीकडं पाहत सांगितलं, "हाव जी. मी कामावर होती. हिनं डबा आणला होता." पढवलेलं, एका दमात.

मग कोर्टाच्या साहेबांनी मला विचारलं, "हा अंगठा तुमचा आहे का?"

"हाव जी. अंगठा माहा हाय. लिखाण त्याइचं हाय. मले वाचून नाही दाखवलं."

"तुम्ही कामावर होता याला पुरावा?"

पुरावा होता. चंद्रभागाबाईच्या कडेवर होता, मूठ चोखत. पण तो काढला तर तिचा बिल्ला जाणार, हे मला माहीत होतं. तिचा नवरा खोकल्यानं घरी बसलेला. तिला दिवाणजीनं तोच धाक घातला असणार. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पाहिलं नाही. घरी माझी पोर पाटीवर माझं नाव लिहून देते आणि मी ते गिरवते, मग इथं? किती दिवस दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची?

मी म्हणाले, "साहेब, माह्या जावेले एकच विचारा. तिची पोरगी कवा झाली?"

वकील उठला, याचा संबंध काय म्हणाला. साहेबांनी त्याला बसवलं आणि विचारलं. आणि बाईनं, पोरीचं विचारल्यावर कोणतीही आई सांगेल तसं, चटकन सांगून टाकलं.

"संक्रांतीच्या आदल्या दिवशी जी. भोगीले."

साहेबांनी कागद उलटले. अपघाताची तारीख पाहिली. "म्हणजे बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. आणि तुम्ही जिनावर कामाला होता?"

बाईनं पदर तोंडात धरला. दिवाणजी वकिलाच्या कानाशी लागला. मी बोलत सुटले. कोणतं जिन डाव्या अंगानं घासतं, ओला कापूस आला की आधी वास कसा येतो, पट्टा उतरवायला कोणाची परवानगी लागते, सगळं. डबा घेऊन आलेल्या बाईला हे माहीत असतं का, म्हटलं. साहेब लिहीत गेले. शेवटी मला माझं नाव विचारलं. मी आईबापानं ठेवलेलं सांगितलं. ते कारखान्याच्या कोणत्याही रजिस्टरात नव्हतं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. पण टाळ्या वाजवू नका. विमा कंपनी म्हणाली, ही बाई आमच्या यादीत नाही, आम्ही देणार नाही. मालक म्हणाला, विमा काढला तो कशाला? त्यांचं भांडण वरच्या कोर्टात गेलं आणि मी खाली बसून राहिले. चंद्रभागाबाईचा बिल्ला काढून घेतला. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. चूल वेगळी केली. तिचं मला चुकलं म्हणता येत नाही. माझंही येत नाही.

दिवाळी झाली. जिन सुरू झालं. दिवाणजीनं मला गेटाशी गाठलं. जणू मधे काही घडलंच नाही.

"झाडायचं काम देतो. एका हातानं जमते. सखूचा बिल्ला घे, तिले दिवस गेले हायेत. तुहं नाव चढवता येत नाही, मालक नाराज हाये ना."

मी म्हणाले, "रजिस्टर आणा. माह्यापुढं माहं नाव लिहा. मी वाचून पाहीन, मंग आत येईन."

"तुले वाचता येते?"

"आणून तर पाहा."

त्यानं आणलं नाही. मी आत गेले नाही. गेटासमोरच उभी राहिले. बाया येत होत्या, त्यांना विचारलं, कोणाच्या नावावर चालल्या वं? काहींनी मान खाली घातली. सखू म्हणाली, "तुह्यापायी आमच्या बाळंतपणाच्या जागा जातीन. तुहं तर गेलंच, आता आमचं बी घालवतं का?" खरं होतं तिचं.  पण मी तिची वाट सोडली नाही. म्हटलं, चाल माझ्यासोबत ऑफिसात. तुझ्या नावाचा बिल्ला माग, आणि जी तुझ्या जागी येईल तिच्याही नावाचा माग. नाही दिला तर आपण दोघी बाहेर.

त्या दिवशी ती मला सोडून कामावर आत गेली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथंच. चौकीदारानं हाकललं, मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. तिथून हजेरीचा पुकारा ऐकू येतो. एकेक नाव पुकारलं जाई आणि कोणी भलतीच ओ देई. जिची ओ भलत्या नावाला गेली, तिला मी सुटी झाल्यावर गाठून स्वतःच्या नावाचा बिल्ला मागायला सांगायची. एकही सोडायची नाही, हे मी ठरवून टाकलं.