एकाच बटणावरचं वर्कशॉप

वडिलांचं वर्कशॉप म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या घरामागची पत्र्याची खोली. लष्करात सिग्नलला नोकरी करून ते निवृत्त झाले, हौशी रेडिओचा परवाना काढला आणि त्या खोलीत बसू लागले. टेबलावर विजेची लाट पडद्यावर रेघेने दाखवणारा, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप, शेजारी सिग्नल जनरेटर, व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र आणि काट्याचे मीटर. बराचसा माल लष्करी भंगाराच्या लिलावातला.

या यंत्रांची स्वतःची बटणं ते कायम चालू ठेवत. तशी बटणं आता मिळत नाहीत, रोज दाबून ती झिजवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. काम संपलं की भिंतीवरच्या बोर्डाचं एकच बटण बंद करायचं. वळवात विजा चमकू लागल्या आणि वडील बाहेर असले, तर आई जाऊन ते बटण बंद करी. त्या खोलीतलं तिला तेवढंच येत होतं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई. बंद यंत्राची पूजा करायची नाही, असा वडिलांचा नियम. ऑसिलोस्कोपच्या गोल पडद्यावर आडवी हिरवी रेघ उमटली की आई हळदीकुंकू लावी.

वडील गेले त्या वर्षी सण नव्हते. खोलीला कुलूप लागलं ते दुसऱ्या वर्षीच्या नवरात्रापर्यंत. त्या वेळी सांगलीच्या त्यांच्या मित्राने यंत्रं मागितली. दोघं रोज सकाळी रेडिओवर बोलत. हे गृहस्थ जुने सेट दुरुस्त करतात, यंत्रं त्यांच्याकडे चालू राहिली असती. आईने होकार दिला, पण अट घातली. खंडेनवमीची पूजा होऊ दे, पूजेला रेघ दिसू दे, मग न्या.

ते फोनवर तिच्याशीच बोलले. इतके दिवस पडून असलेल्या यंत्रातले कपॅसिटर सुकतात, एकदम पूर्ण वीज सोडली तर जळतात. ते डिमरस्टॅट घेऊन येणार होते. त्यावर वीज शून्यापासून थोडी थोडी वाढवता येते. शेवटी म्हणाले, “वहिनी, मी येईस्तवर मशिनला हात लावू न्हका.”

आई म्हणाली, “न्हाई लावत.”

खंडेनवमीला ते एसटीने निघाले. कराडजवळ रस्त्याचं काम सुरू होतं, गाडी रखडली. डिमरस्टॅट जड म्हणून मी त्यांना आणायला स्टँडवर गेलो. टॉवेलात गुंडाळलेलं ते गोल धूड मांडीवर धरून ते गाडीतच उतरायची वाट बघत बसले होते. कंडक्टरने त्यांना जातं घेऊन कुठं निघालाय, असं विचारलं होतं. रिक्षात त्यांनी हे दोनदा सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा मागच्या खोलीतून जळक्या मेणासारखा वास येत होता. आई दारातल्या पायरीवर बसली होती. बोर्ड बंद होता. यंत्रांवर झेंडूची फुलं होती, हळदीकुंकू होतं. टेबलाच्या कडेने दिव्यांची माळ सोडलेली होती.

तिने सांगितलं ते असं. दुपार होत आली, नैवेद्य निवत होता. रेघ भावजी आल्यावर बघू, पूजा तरी उरकावी, म्हणून ती खोलीत गेली. माळेची पिन बोर्डात खोचली आणि बटण दाबलं. माळ लागली, आणि बोर्डावरची सगळी यंत्रंही लागली. त्यांची स्वतःची बटणं वडिलांनी ठेवली तशी चालूच होती.

“मशिनला हात न्हाई लावला मी,” ती म्हणाली.

पाहुण्यांनी चप्पल काढली, आत गेले, ऑसिलोस्कोपची पिन उपसून मागचं झाकण उघडलं. एक कपॅसिटर फुटला होता. ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता, त्यातून मेण गळून तळाशी साचलं होतं. बाकीची यंत्रं त्यांनी डिमरस्टॅटवर एकेक करून तपासली. ती ठीक होती. याला वेळ लागला. आईने मधे चहा आणून दिला.

मग त्यांनी विचारलं, “वहिनी, रेघ आली हुती का?”

“आली की. पण सरळ न्हवती. थरथरत हुती.”

“किती येळ?”

“कुंकू लावीस्तवर.”

त्यांनी मागचं झाकण परत बसवलं. म्हणाले की ट्रान्सफॉर्मर सांगलीत गुंडाळून मिळतो, पडद्याची नळी शाबूत दिसते, नेतो आणि बघतो. आई म्हणाली की बाकीचं सगळं न्या, हे नको. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते याच एका यंत्रासाठी आले होते, हे तिलाही माहीत होतं.

मी खोकी आणली. आईने न्यायच्या यंत्रांवरची फुलं काढली आणि ओल्या फडक्याने हळद पुसली. भरण्याआधी पाहुण्यांनी त्यांची बटणं बंद केली. काही घट्ट बसली होती, अंगठा रेटून दाबावा लागला. शेवटी सवयीने त्यांचा हात ऑसिलोस्कोपच्या बटणाकडे गेला.

“त्याचं ऱ्हाऊ द्या,” आई म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला. ते बटण अजून चालूच आहे. पिन काढलेली आहे.