मॅडमचं प्रथिन

डबा उघडण्याआधी मॅडम खिडकीकडे तोंड करून पोटाला इन्सुलिन टोचून घ्यायच्या आणि वळून म्हणायच्या, "माझं झालं. जेवून पेशींचं बघू."

नाशिकच्या एका कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. मी प्रयोगशाळेत सहायक होतो, एकलहऱ्याहून यायचो. त्यांचा जीव एका प्रथिनात अडकलेला. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून पेशीच्या आत तिला इकडून तिकडे न्यायला हमाल लागतो. हे प्रथिन म्हणजे तो हमाल. तो कमी पडला तर स्वादुपिंडाच्या पेशींना इन्सुलिन नीट बनवता येत नाही, आणि त्याच्याच भाऊबंदांपैकी एखादा फार माजला तर कॅन्सरचं फावतं, असं त्या समजावून सांगत. त्यांची आई कॅन्सरनं गेलेली, स्वतःला साखर. "दोन्हीकडचे पाहुणे आमच्याच घरी उतरले," असं म्हणून हसायच्या.

पुढे साखरेनं डोळे धरले. मायक्रोस्कोपात मी बघायचं आणि त्यांना सांगायचं, असं सुरू झालं.

तुम्हीही एखाद्याचं मन राखायला खोटं बोलला असाल. मीही बोललो. आजारी पेशींना ते प्रथिन जास्त दिलं, तर रंग लावल्यावर मायक्रोस्कोपात दिसणारी इन्सुलिनची हिरवी चमक वाढेल, या आशेवर त्यांनी तीन वर्षं काढली होती. मला फरक दिसेना. शेजारी त्या स्वतःचे हात एकमेकांत घट्ट धरून बसलेल्या. मी म्हणालो, "वाढलीय, मॅडम."

दुसऱ्या दिवशी पेशींच्या बशांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून त्यांनी नुसते आकडे चिकटवले आणि मला पुन्हा बघायला सांगितलं. कुठली बशी प्रथिन दिलेली आणि कुठली नुसती तुलनेला ठेवलेली, मला ओळखता येईना. मी मान खाली घातली.

"माझ्यासाठी बोललात, कळलं मला," त्या म्हणाल्या. "पण याच्या भरवशावर उद्या कुणी औषध करायला घेतलं तर?"

मग वहीत लिहायला सांगितलं : फरक आढळला नाही. सांगताना आवाज एकदाच अडखळला.

निवृत्तीनंतर नजर पूर्ण गेली. दर रविवारी मी नवे शोधनिबंध छापून घेऊन त्यांच्या घरी जायचो आणि अडखळत इंग्रजी वाचून दाखवायचो. अवघड शब्द आला की एकेक अक्षर सांगायचो, मग तो शब्द त्याच जुळवायच्या.

गेल्या श्रावणात त्या गेल्या. शेवटचे चार कागद माझ्या पिशवीत तसेच आहेत. कधी वाचायला बसतो. पण मध्येच थांबवून, "यांनी तुलनेला काय घेतलं होतं?" असं विचारायला कुणी नाही.